पान काखेत घेऊन चालत जाण्याइतकं शहर

प्रश्न असा आहे: सुपरहिरोंची अमेरिकी कॉमिक्स न्यूयॉर्कमध्येच का वाढली? त्यात त्या शहराचा खरा वाटा किती, आणि ते शहर नुसतं मागे रंगवलेलं दृश्य किती?

मी चित्रकथा काढतो आणि शिकवतो. वर्गात हा विषय निघाला की बहुतेक मुलं एकच उत्तर देतात: तिथे उंच इमारती होत्या, म्हणून उडणारे नायक सुचले. इमारतींचा वाटा आहेच, त्याबद्दल पुढे बोलतो. पण इमारती चित्रात उशिरा आल्या. त्याआधी तिथे कामाची एक साखळी तयार झाली होती. कोण कुठल्या वस्तीत राहत होतं, कुणाला कुठली नोकरी नाकारली जात होती, कुणाचं छपाईयंत्र रिकामं पडलं होतं, आणि काढलेलं पान संपादकाच्या टेबलावर किती वेळात पोचत होतं, यावर ती साखळी उभी होती. यातल्या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, आणि इतिहास सांगताना नेमकी तीच वगळली जाते.

सुरुवात वर्तमानपत्रांपासून करू. 1895 मध्ये जोसेफ पुलित्झर यांच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये रिचर्ड आउटकॉल्ट हा चित्रकार गरीब वस्तीतल्या एका गल्लीची चित्रं काढू लागला. दाटीवाटीच्या चाळी, वाळत घातलेले कपडे, आयरिश, इटालियन, जर्मन पोरांचा गोंधळ, आणि त्यात डोक्याचा गोटा केलेला, लांब पिवळा सदरा घातलेला एक मुलगा. हाच 'यलो किड'. त्या वस्त्यांत उवांमुळे मुलांची डोकी भादरलेली असत. आउटकॉल्टनं ते पाहिलं तसं काढलं. रविवारच्या रंगीत पुरवणीत हा मुलगा इतका चालला की 1896 मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी आउटकॉल्टला जास्त पैसे देऊन आपल्या 'जर्नल'मध्ये ओढलं. पुलित्झरनी दुसऱ्या चित्रकाराकडून तोच मुलगा काढून घेणं चालू ठेवलं. काही काळ एकाच शहरात, दोन शत्रू पत्रांत, एकच पात्र छापून येत होतं. इंग्रजी नीट वाचता न येणारे हजारो नवे स्थलांतरित ज्या शहरात राहत होते, तिथे चित्रातली गोष्ट खप वाढवते, हे दोन्ही मालकांना कळून चुकलं होतं.

याच हर्स्ट यांच्या उद्योगातून किंग फीचर्स सिंडिकेट, म्हणजे अनेक वर्तमानपत्रांना चित्रमालिका विकणारी संस्था, निघालं, आणि तिथून एक धागा थेट आपल्या घरात येतो. 1964 पासून मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियानं इंद्रजाल कॉमिक्स काढली. त्यातला वेताळ आणि मँड्रेक दोघेही किंग फीचर्सचे. ज्या मराठी मुलांनी वेताळाची कवटीची गुहा वहीच्या मागच्या पानावर काढली, ती नकळत न्यूयॉर्कच्या पत्रव्यवसायाशी जोडली गेली होती. शिवाय 1936 मध्ये ली फाल्क यांनी वेताळ सुरू केला तेव्हा त्यांच्या डोक्यात बुरख्यामागचा माणूस म्हणजे जिमी वेल्स नावाचा शहरी श्रीमंत तरुण होता. पहिलीच गोष्ट रंगत असताना त्यांनी बेत बदलला आणि नायक जंगलात गेला.

आता कॉमिक बुक, म्हणजे पुस्तिका. ती कलावंताच्या प्रतिभेतून आली नाही, छापखान्याच्या गरजेतून आली. कनेक्टिकटमधल्या ईस्टर्न कलर प्रिंटिंगकडे रविवारच्या पुरवण्या छापणारी रंगीत यंत्रं होती आणि मंदीच्या काळात त्यांना काम हवं होतं. पुरवणीचा कागद घड्या घालून लहान पुस्तिकेच्या आकाराला आणता येतो, हे तिथल्या माणसांच्या ध्यानात आलं. मॅक्स गेन्स या विक्रेत्यानं ही कल्पना धरून ठेवली. 1933 मध्ये जाहिरातीसाठी फुकट वाटायची पुस्तिका निघाली आणि 1934 मध्ये 'फेमस फनीज' 10 सेंटला स्टॉलवर आलं. त्यात सगळी चित्रं जुनीच, वर्तमानपत्रांतून उचललेली होती. नवी चित्रं काढून घ्यायची कल्पना मेजर माल्कम व्हीलर-निकल्सन या माजी घोडदळ अधिकाऱ्याची. त्यांचं 'न्यू फन' 1935 मध्ये निघालं. त्यांच्याकडे पैसे कायम कमी. वितरक हॅरी डोनेनफेल्ड यांचं देणं वाढत गेलं, आणि 1938 पर्यंत मेजरांच्या हातून कंपनी गेली. डोनेनफेल्ड आणि त्यांचे हिशेबनीस जॅक लीबोविट्झ यांच्या ताब्यात आलेली हीच कंपनी पुढे डीसी, म्हणजे सुपरमॅन आणि बॅटमॅनची प्रकाशक, झाली.

डोनेनफेल्ड काय, किंवा पुढे मार्व्हल झालेल्या कंपनीचे मार्टिन गुडमन काय, हे मुळात स्वस्त कागदावरच्या सनसनाटी मासिकांचे प्रकाशक होते. मुखपृष्ठ भडक हवं, मजकूर वेळेवर हवा, पानामागे दर कमीत कमी हवा आणि हक्क आपल्याकडे हवेत, ही त्यांच्या धंद्याची रीत. ती त्यांनी जशीच्या तशी कॉमिक्सला लावली. या धंद्याला लागणारी सगळी माणसं, म्हणजे लेखक, चित्रकार, कागदवाले, वितरक, जाहिरातवाले, मॅनहॅटनच्या काही चौरस मैलांत होती.

आणि चित्रकार स्वस्तात का मिळत होते? कारण हुशार पोरांपुढे दारं बंद होती. तेव्हाच्या जाहिरात कंपन्या आणि गुळगुळीत कागदाची प्रतिष्ठित मासिकं ज्यू मुलांना सहसा घेत नसत. इटालियन कामगारांच्या मुलांचीही गत फारशी वेगळी नव्हती. ही मुलं पूर्व युरोपातून आलेल्या शिंप्यांची, कारखान्यातल्या मजुरांची. घरी पैसा नाही, पण शहरानं त्यांना शिकायला दिलं होतं: सरकारी शाळा, फी न घेणारं कूपर युनियन, आर्ट स्टुडंट्स लीगचे वर्ग, 1936 मध्ये सुरू झालेली हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट. या एका शाळेतून हार्वी कर्ट्झमन, विल एल्डर, अल जॅफी आणि अल फेल्डस्टीन बाहेर पडले, म्हणजे पुढच्या 'मॅड' या विनोदी मासिकाचा कणाच. न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागातल्या डीविट क्लिंटन हायस्कूलमधून विल आयस्नर, बॅटमॅन रचणारे बॉब केन आणि बिल फिंगर, आणि स्पायडरमॅनवाले स्टॅन ली आले. एकाच सरकारी शाळेचे हे चार माजी विद्यार्थी माझ्या मते या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहेत.

आता पान पोचवण्याकडे येतो. मूळ चित्र छापील पानाच्या जवळपास दुप्पट मोठ्या जाड कागदावर काढलं जायचं. एकानं पेन्सिलीनं काढायचं, दुसऱ्यानं फुग्यांत अक्षरं घालायची, तिसऱ्यानं शाई चढवायची, मग संपादकानं दुरुस्त्या सांगायच्या आणि पान पुन्हा परत यायचं. त्याची नक्कल सहसा काढून ठेवत नसत. पान हरवलं तर काम गेलं. महिन्याच्या महिन्याला अंक काढायचा तर हा प्रवास टपालानं परवडत नव्हता. न्यूयॉर्कमध्ये मात्र 1948 पर्यंत सबवेचं भाडं पाच सेंट होतं. ब्रॉन्क्सचा चित्रकार सकाळी पान काखेत घेऊन निघायचा, दुपारपर्यंत दुरुस्ती करून, जमलं तर चेक घेऊन परत जायचा. मी स्वतः तीन गावांतल्या तीन माणसांबरोबर एका चित्रकथेवर काम केलं आहे, तेही स्कॅनर आणि इंटरनेट हाताशी असताना. समोरासमोर पाच मिनिटांत सुटणारी गोष्ट दुरून आठवडा खाते. 1938 मध्ये दुसऱ्या कुठल्या शहरात हा धंदा इतक्या वेगानं उभा राहिला असता, असं मला वाटत नाही.

याच जवळिकीतून चित्रशाळा निघाल्या. त्यांना तिथे 'शॉप' म्हणत. 1936 मध्ये विल आयस्नर आणि जेरी आयगर यांनी मॅनहॅटनच्या पूर्व 41व्या रस्त्यावर छोटी खोली घेऊन प्रकाशकांना तयार कॉमिक्स विकायला सुरुवात केली. हॅरी चेस्लर यांचीही अशीच चित्रशाळा होती. ओळीनं टेबलं, एक फक्त पेन्सिल करणार, एक पार्श्वभूमी भरणार, एक चौकटीच्या रेघा ओढणार. कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाचे तुकडे पाडण्याची हीच पद्धत होती आणि ती या मुलांनी आपल्या घरातच पाहिलेली होती. पुढे कॅप्टन अमेरिका काढणारे चित्रकार जॅक कर्बी यांचे वडील कपड्यांच्या कारखान्यात होते. कर्बी काही काळ आयस्नर-आयगरकडे कामाला होते आणि त्याआधी फ्लायशर यांच्या अॅनिमेशन स्टुडिओत. तिथल्या कामाची घाई त्यांना कारखान्यासारखी वाटली म्हणून त्यांनी तो सोडला. कॉमिक्समधली घाई मात्र त्यांनी जन्मभर पेलली.

या चित्रशाळांनी वाईटही खूप केलं. चित्रावर नाव नाही, हक्क नाहीत, चित्रकार बदलला तरी वाचकाला पत्ता नाही. पण शिकायला दुसरी जागा नव्हती. व्हिएन्नाहून नाझींपासून निसटून आलेली लिली रेने ही तरुणी वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून फिक्शन हाउस या कॉमिक्स प्रकाशनात लागली आणि त्या काळातल्या उत्तम चित्रकारांत गणली गेली. कृष्णवर्णीय चित्रकार मॅट बेकर आयगर यांच्याकडेच पुढे आले. दुसरीकडे कुठे त्यांना टेबल मिळालं असतं, सांगणं कठीण आहे.

इथे क्लीव्हलंडचा मुद्दा कुणीतरी काढतंच, आणि तो काढायलाच हवा. सुपरमॅन न्यूयॉर्कमध्ये जन्मला नाही. जेरी सीगल आणि जो शूस्टर क्लीव्हलंडचे. शूस्टर लहानपणी टोरांटोत वाढलेले, त्यामुळे सुरुवातीच्या चित्रांतल्या शहरावर टोरांटोची छाप होती आणि क्लार्क केंटचं वर्तमानपत्रही आधी 'डेली स्टार' होतं. म्हणजे कल्पनेला न्यूयॉर्क लागलं नाही. पण ती कल्पना कित्येक वर्षं नकाराची पत्रं घेत फिरत होती. ती छापायची ताकद न्यूयॉर्ककडे होती. 1938 च्या मार्चमध्ये 13 पानांसाठी, सगळ्या हक्कांसकट, 130 डॉलर देण्यात आले. त्याच जूनच्या तारखेचा, सुपरमॅन असलेला 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला. शहराचा प्रभाव म्हणताना हा चेकही धरला पाहिजे. या दोघांना वार्षिक पेन्शन आणि नावाचा मान मिळायला 1975 चा डिसेंबर उजाडला. त्यासाठी झटणाऱ्यांत नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे न्यूयॉर्कचेच चित्रकार होते.

बॅटमॅन मात्र पुरता ब्रॉन्क्सचा. केन आणि फिंगर ग्रँड कॉनकोर्सवरच्या पो पार्कच्या बाकावर बसून गोष्टी रचत. फिंगर तेव्हा चपला-बूट विकायचं काम करत होते. 1939 च्या मे महिन्याच्या अंकात बॅटमॅन आला. त्याच्या शहराचं नाव नंतर ठरलं. 'गॉथम' हे न्यूयॉर्कचं टोपणनाव वॉशिंग्टन अर्व्हिंग यांनी 1807 मध्येच वापरलं होतं, फिंगर यांना ते टेलिफोनच्या यादीतल्या एका जवाहिऱ्याच्या नावात दिसलं. फिंगर 1974 मध्ये वारले, तोवर अधिकृत श्रेय एकट्या केन यांच्याकडे होतं. 2015 पासून फिंगर यांचं नाव लागू लागलं, आणि 2017 च्या डिसेंबरात पो पार्कजवळच्या रस्त्याच्या तुकड्याला बिल फिंगर वे असं नाव दिलं गेलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. फिंगरनी पोशाखाचे रंग, टोपीचे कान, डोळ्यांच्या पांढऱ्या फटी, शत्रूंची फौज, सगळ्यात हात घातला होता.

कर्बींचा जन्म 1917 चा, लोअर ईस्ट साइडच्या एसेक्स स्ट्रीटवरचा. लहानपणी गल्लीगल्लीतल्या टोळ्यांत ते मारामाऱ्या करत मोठे झाले. आगीच्या शिड्यांवर, गच्च्यांवर, जिन्यात. त्यांच्या पानांतली मारामारी बघा: ठोसा खाल्लेला माणूस चौकटीतून वाचकाच्या अंगावर येतो. ही रचना कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. फेब्रुवारी 1939 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जर्मन-अमेरिकन बुंड या नाझीसमर्थक संघटनेची सभा झाली, वीस हजारांवर माणसं, स्वस्तिकं आणि जॉर्ज वॉशिंग्टनचं भलंमोठं चित्र. कर्बी आणि जो सायमन यांचा कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो ते मुखपृष्ठ 1940 च्या डिसेंबरात स्टॉलवर आलं, अमेरिका युद्धात उतरायच्या वर्षभर आधी. दोन ज्यू मुलांनी केलेलं हे चित्र दूरच्या हुकूमशहाबद्दल जितकं होतं, तितकंच शेजारच्या मोहल्ल्यात मोर्चे काढणाऱ्यांबद्दल होतं. सायमन यांनी लिहून ठेवलं आहे की धमक्या आल्या, पोलीस पहारा बसला, आणि महापौर ला गार्डिया यांनी फोन करून पाठीशी असल्याचं सांगितलं.

आता इमारती. न्यूयॉर्कच्या 1916 च्या बांधकाम नियमांनी उंच इमारतींना वर जाताना पायरीपायरीनं मागे सरायला लावलं, रस्त्यावर उजेड यावा म्हणून. त्यामुळे शहराला कट्टे, टप्पे, गच्च्यांचे कोपरे मिळाले. सहा मजल्यांहून उंच इमारतींवर लाकडी पाण्याच्या टाक्या बसल्या. जुन्या चाळींवर कायद्यानं लोखंडी आगजिने आले. चित्रकाराच्या नजरेनं हा खजिना आहे. नायकाला उभं राहायला टप्पा, लपायला टाकी, उतरायला जिना, आणि वाचकाची नजर वरून खाली न्यायला उभी अरुंद चौकट. सपाट, बैठ्या गावात स्पायडरमॅन जाळं कशाला लावणार? 1962 मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी तो आणला तेव्हा त्याचं घर क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सला ठेवलं: बैठी घरं, मध्यमवर्ग, घरभाड्याची काळजी करणारी मे मावशी. उंच इमारती नदीपलीकडे. रोज उपनगरातून शहरात जाणं आणि परत येणं, हा त्या पात्राचा सांगाडा आहे. मुंबईत लोकलनं ये-जा करणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डिटकोंनी गच्च्या, टाक्या, गल्लीबोळ फार बारकाईनं काढले. ते जेरी रॉबिन्सन यांच्या हाताखाली ज्या शाळेत शिकले, ती 1947 मध्ये मॅनहॅटनमध्ये खास व्यंगचित्रकार-चित्रकारांसाठी उघडलेली होती. आज ती स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स आहे.

खरं शहर नावानिशी वापरणं मार्व्हलनं साठच्या दशकात शोधलं असं सांगतात, ते पुरतं बरोबर नाही. गुडमन यांच्याच अंकांत 1940 मध्ये नेमॉर आणि ह्यूमन टॉर्च हे दोन नायक खऱ्या न्यूयॉर्कमध्ये एकमेकांशी भिडले होते. पण 1961 नंतर ते पद्धतशीर झालं. 'फँटॅस्टिक फोर' पहिल्या अंकात सेंट्रल सिटी नावाच्या गावात होते, काही अंकांतच न्यूयॉर्कला आले. डॉक्टर स्ट्रेंज ब्लीकर स्ट्रीटवर, डेअरडेव्हिल हेल्स किचनमध्ये, 1972 पासून हार्लेममध्ये वाढलेला ल्यूक केज. 'फँटॅस्टिक फोर'मधल्या बेन ग्रिमची यान्सी स्ट्रीट म्हणजे कर्बींच्या मोहल्ल्यातली डेलान्सी स्ट्रीट. सगळे एकाच शहरात राहतात म्हटल्यावर एकाच्या गोष्टीत दुसरा सहज डोकावू शकतो, वेगळं कारण रचावं लागत नाही. ज्याला आज लोक मार्व्हलचं विश्व म्हणतात त्याचा पाया हा इतका साधा आहे.

कॉमिक्सवर घाव घालणारी लढाईही न्यूयॉर्कमध्येच झाली. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांनी 1946 मध्ये हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीय रुग्णांसाठी लाफार्ग दवाखाना सुरू केला होता. तिथल्या मुलांवरून त्यांनी मत बनवलं की कॉमिक्स मुलांना बिघडवतात. वर्थम यांचे निष्कर्ष मला मान्य नाहीत, पण त्यांना निव्वळ खलनायक करणं अन्यायाचं आहे. एप्रिल 1954 मध्ये सिनेटच्या उपसमितीची सुनावणी मॅनहॅटनच्या फोली स्क्वेअरवरच्या न्यायालयात झाली. मॅक्स गेन्स यांचा मुलगा बिल गेन्स, भयकथा काढणाऱ्या ईसी कॉमिक्सचा मालक, तिथे साक्षीला उभा राहिला. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड, म्हणजे काय छापायचं नाही याचे नियम, लादून घेतला आणि तपासणी कचेरीही तिथेच उघडली. कितीतरी चित्रकारांची कामं गेली. एकाच शहरात सगळा धंदा असण्याची ही किंमत होती. तिथे बंद झालं की दुसरीकडे जायला जागा नव्हती.

साखळी सैल झाली ती कुरियरमुळे. 1969 मध्ये कर्बी कॅलिफोर्नियाला गेले आणि तिथून पानं पाठवू लागले. सत्तरच्या दशकात रातोरात पार्सल पोचवणाऱ्या कंपन्या आल्या, मग फॅक्स, मग स्कॅनर. 1986 मध्ये ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी इंग्लंडमध्ये बसून 'वॉचमेन' हे सुपरहिरोंचं कॉमिक केलं, घडतं मात्र न्यूयॉर्कच्या एका चौकात, वर्तमानपत्राच्या स्टॉलभोवती. तोवर न्यूयॉर्क कॉमिक्सची सवय होऊन गेलं होतं. 2015 मध्ये डीसीनं मुक्काम कॅलिफोर्नियातल्या बरबँकला हलवला. मार्व्हल अजून न्यूयॉर्कमध्ये आहे, पण तिच्यासाठी काढणारे जगभर विखुरलेले आहेत.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काळावर अवलंबून आहे. 1930 ते 1970 पर्यंत शहराचा वाटा प्रचंड, आणि तो बराचसा चित्राबाहेरचा: शाळा, भेदभाव, सबवे, चित्रशाळा, वितरक. त्यानंतर उलट होत गेलं. काम बाहेर गेलं आणि चित्रातलं शहर मागे उरलं.

एक अपवाद वेगळा सांगतो. आयस्नर यांनी 1978 मध्ये 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड' काढलं. ब्रॉन्क्समधल्या 55 ड्रॉप्सी अव्हेन्यू या काल्पनिक चाळीतल्या गोष्टी, एकही मुखवटा नाही. पावसात भिजत घरी परतणारा, मुलगी गमावलेला बाप त्यात आहे. आयस्नर यांची स्वतःची मुलगी किशोरवयातच ल्युकेमियानं गेली होती. चाळीस वर्षं त्या शहरात काम केल्यावर त्यांनी शेवटी ते शहर सुपरहिरोशिवाय काढलं. तुम्ही चित्रकथा काढणार असाल तर आधी डिटकोंचे 1962 ते 1966 मधले स्पायडरमॅनचे अंक घ्या, गच्च्या आणि जिने कसे मांडलेत ते बघा, आणि लगेच त्यावर आयस्नर यांची ही चाळ वाचा. दोन्हीकडे पाणी कुठून गळतं, उजेड कुठून येतो, हे पेन्सिल हातात घेऊन उतरवून काढा.